लीजवरच्या जंगलात तोड झाली आहे. यंदा क्लबचा हिस्सा भरू की सोडून देऊ?

कोलशेतकर

आधीच सांगून टाकतो, प्रश्न अमेरिकेतल्या शिकारीचा आहे. आपल्याकडे शिकार म्हणजे तुरुंग हे मला ठाऊक आहे, तेव्हा १९७२ च्या कायद्याची कलमं इथे डकवू नका.

मी नऊ वर्षं जॉर्जियात होतो, मेकनच्या जवळ. २०२२ मध्ये आईबाबांसाठी ठाण्याला परत आलो. दादा तिकडेच आहे. आम्ही दोघं एका हंटिंग क्लबचे सभासद. क्लब म्हटलं की जिमखाना डोळ्यांसमोर आणू नका. अकरा माणसं, एक पत्र्याची शेड, एक खडखडणारा फ्रीझर आणि ६२० एकरांचं लीज, एवढाच पसारा. जमीन लाकूड कंपनीची, तिच्यावर पाइनची लागवड. आम्ही एकरी भाडं भरतो आणि त्याबदल्यात तिथे हरणाची शिकार करायचा हक्क मिळतो. नोव्हेंबरात नर माजावर येतात तेव्हा मी दोन आठवडे जातो. वर्षभराची रजा त्यासाठी साठवतो. बायको त्याला 'ह्यांची वारी' म्हणते.

एप्रिलमध्ये दादाने व्हिडिओ पाठवला. पहिल्यांदा मला वाटलं चुकून दुसरीकडचा आला. फाटकापासून ओढ्यापर्यंत आभाळच आभाळ. १४० एकर सरसकट साफ, आणि मागच्या २०० एकरांत विरळणी. ओढ्याकाठी एक जुना व्हाइट ओक आहे, त्याच्या समोरच्या पाइनला माझं पंधरा फुटी शिडीचं मचाण बांधलेलं होतं. ते व्हिडिओत दिसत नाही. दादाला विचारलं तर म्हणतो, 'चिखल होता रे, तिथवर गेलोच नाही.'

लीजचं नूतनीकरण ३० जूनला. दादा म्हणतो हरणं गेली, पैसे वाया, यंदा सोडून देऊ. पण जागा एकदा सोडली की परत मिळत नाही, मागे पाच जण रांगेत उभे आहेत. इथे कोणी तोडीनंतर तशा जागेवर बसलं आहे का? हरणं परततात का, आणि किती वर्षांनी?

येऊरच्या_पायथ्याशी

आमच्या सोसायटीच्या मागे येऊरचं जंगल आहे. रात्री भेकर भुंकलं की बिबट्या फिरतोय म्हणून सगळी पोरं खिडकीला. तुम्ही विमानाचं तिकीट काढून त्याच्याच भाऊबंदांना गोळी घालायला जाता आणि वर झाडं तोडली म्हणून हळहळता. गंमत आहे.

कोलशेतकर

ताई/दादा, जे असाल ते, राग समजू शकतो. मीही येऊरला फिरायला जातो, कॅमेराच घेऊन. पण तिकडचं गणित निराळं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्जियात हरीण जवळजवळ संपलं होतं. बाहेरून आणून सोडलं, ते इतकं वाढलं की आज एका शिकाऱ्याला हंगामात १२ हरणांची परवानगी आहे, त्यात शिंगवाले दोनच. मी आजवर एका हंगामात दोनाच्या वर मारलेलं नाही आणि वाया काहीच घालवलेलं नाही. बाकी वाद वेगळ्या धाग्यावर घालू, इथे मला जूनच्या आत उत्तर हवंय.

नेरुळचा_काटेवाला

कोलशेतकर, मी सोळा वर्षं जॉर्जियातल्या एका कागद गिरणीत होतो. आधी वजनकाट्यावर, मग लाकूड खरेदीत. आता नेरुळला खाडीकाठी सकाळचे फ्लेमिंगो मोजतो. ऐंशी ऐंशी हजार पौंडांचे ट्रक काट्यावर घेण्यात उमेदीची वर्षं गेली, तेव्हा तोडवाल्यांची बाजू घेतोय असं वाटलं तर वाटू दे.

हरणं कुठेही गेलेली नाहीत.

पांढऱ्या शेपटीचं हरीण फार घरकोंबडं. त्याचा वावर साधारण एका चौरस मैलात, म्हणजे ६४० एकरांत. तुमचं लीज जवळपास तेवढंच. मशीन सुरू असतं तोवर ते शेजारच्या झाडीत सरकतं, आणि संध्याकाळी माणसं जेवायला गेली की आपलं घर बघायला परत येतं. मी एकदा अशाच एप्रिलात सकाळी साडेसहाला तोडीवर पोचलो होतो. रात्री पाऊस झालेला. स्किडर लाकडं ओढून नेतो ती वाट लोण्यासारखी मऊ, आणि टायरच्या खोल नक्षीवरून खुरांच्या जोड्या सरळ आडव्या पडलेल्या ओकच्या शेंड्याकडे गेलेल्या. ओक आदल्या दुपारी पाडला होता. त्याची कोवळी पालवी एरवी साठ फुटांवर, ती अचानक जमिनीवर आली होती. हरणांनी पंगत उठवली होती! डहाळ्यांची टोकं हातात घेऊन बघितली तर चिंध्या झालेल्या. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते कापत नाही, ओरबाडतं. सशाने खाल्लं तर सुरीने मारल्यासारखा तिरपा काप दिसतो. दादाला सांग, पुढच्या वेळी व्हिडिओ आभाळाचा नको, डहाळ्यांचा काढ.

तेव्हा तोडीने हरणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते तुझ्या मचाणाचं. तू गेली काही वर्षं त्या ओकासमोर बसून हरणाची एक वाट पाठ केलीस. ती वाट दाट झाडीच्या आडोशाने जात होती. आडोसा गेला की हरीण वाट बदलतं, माणूस मात्र त्याच शिडीवर बसून राहतो आणि जानेवारीत म्हणतो, हरणं संपली.

आता खाण्याचं बघ. दाट पाइनखाली तू चाललेला आहेस, काय असतं खाली? सुया. चार इंच जाड गादी, गवताची काडी नाही. हरणाचं तोंड चार-साडेचार फुटांपर्यंत पोचतं, त्याला जे खायचं ते त्या उंचीत हवं, आणि तिथे ऊनच पोचत नाही. तोड झाली की ऊन जमिनीला लागतं आणि दडून बसलेलं सगळं वर येतं. पोकवीड, ब्लॅकबेरी, आणि ती काटेरी स्मायलॅक्सची वेल, आपल्या घोटवेलीची चुलत बहीण. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अशा जागेत माणूस शिरू शकत नाही आणि हरीण बाहेर पडत नाही. खाणंही तिथेच, बसणंही तिथेच, पिल्लं लपवणंही तिथेच. हा थाट सातआठ वर्षं टिकतो, दहाच्या आसपास पाइनची टोकं एकमेकांना भिडतात आणि खाली परत अंधार. मग पंधराव्या वर्षाच्या आगेमागे विरळणी झाली की पुन्हा उजेड, आणि पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा सरसकट तोड. तू बसायला लागलास तेव्हा ते चक्र नेमकं अंधाराच्या टोकाला होतं, आणि तेच तुला खरं जंगल वाटलं.

पण यंदाच्या नोव्हेंबरची गोष्ट वेगळी, ती नीट ऐक. तोडीनंतर लगेच रोपं लावत नाहीत. आधी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान तणनाशक मारतात, बहुतेकदा हेलिकॉप्टरमधून, म्हणजे ओक-स्वीटगमचे फुटवे पाइनला दाबणार नाहीत. रोपं डिसेंबर ते फेब्रुवारी, ती झोपेत असताना. म्हणजे तू उतरशील तेव्हा ते १४० एकर तांबूस-तपकिरी पडलेले असतील, आपल्याकडे मे महिन्यात वणवा लागून गेलेल्या डोंगरासारखे. ते बघून माघारी फिरू नकोस. जे औषध सर्रास वापरतात, इमॅझापिर, त्याला ब्लॅकबेरी आणि शेंगवर्गातली झुडपं दाद देत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तीच आधी उठतात, आणि हरणाला तीच हवी असतात. काही मालक फवारणी वर्षभर पुढे ढकलतात. तसं असेल तर हाच हंगाम तुमचा. तेव्हा पहिला प्रश्न कंपनीला हा विचारायचा: फवारणी कधी?

कोलशेतकर

काका, शेंड्याच्या पंगतीचं वाचून अंगावर काटा आला. म्हणजे मी इतकी वर्षं उपाशी जंगलात बसत होतो म्हणायचं. मग यंदा बसू कुठे? आणि लीजच्या कागदाचं काय? दादाने तो सही करताना वाचला असेल असं मला वाटत नाही.

नेरुळचा_काटेवाला

कोणीच वाचत नाही. बहुतेक लीजमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की लाकडाचं काम केव्हाही, कुठेही सुरू होईल आणि त्यापायी भाडं परत मिळणार नाही. कंपनीला पैसा लाकडातून मिळतो, तुमचं भाडं म्हणजे वरचं मीठ. म्हणून भांडायला जाऊ नका, मागायला जा. तोडीवर लाकूड रचायला जो चौक करतात, ते लॉगिंग डेक, ते निघताना सपाट करून द्या म्हणावं. ठेकेदाराचं मशीन तिथेच उभं असतं तोवर हे अर्ध्या तासाचं काम, तो गेल्यावर तुम्हाला फावडी घेऊन चार रविवार. तिथली माती आंबट असते, चुनखडी टाकायची आणि सप्टेंबरात हरणांना चरायला ओट, गहू, क्लोव्हर फेकायचं. पण आधी कंपनीची लेखी परवानगी, आणि फवारणीच्या नकाशातून तेवढा तुकडा वगळून घ्यायचा. आमच्याकडे एका क्लबने हे विचारलं नाही, त्यांचा क्लोव्हर चार बोटं वर आला आणि हेलिकॉप्टर येऊन गेलं. क्लबचा अध्यक्ष काट्यावर येऊन माझ्याशी भांडला, जणू हेलिकॉप्टर मीच चालवत होतो.

बसायचं म्हणशील तर विरळणीत जा. विरळणी करताना दर पाचवी ओळ पूर्ण उचलतात आणि मधल्या चार ओळींतली वाकडी, किडकी निवडून काढतात. त्या पाचव्या ओळीच्या लांबच लांब गल्ल्या होतात. पहिल्या वर्षी तिथे फांद्यांचा कचरा असतो, तरी गल्ली ओलांडणारं हरीण दिसतंच. दुसरी जागा म्हणजे ओढा. बारमाही ओढ्याच्या दोन्ही अंगांना निदान ४० फुटांचा पट्टा राखायचा असा तिथला दंडक आहे, चढ असेल तर जास्त. त्यातली थोडी झाडं काढता येतात, सगळी नाही. म्हणून तुझा व्हाइट ओक वाचला असण्याची शक्यता बरीच आहे. तो असेल तर तो जीवापाड जप. व्हाइट ओकचं फळ रेड ओकपेक्षा कमी कडू, हरीण ते आधी वेचतं. गेला असेल तर नवं लावून काही होत नाही, ते धरायलाच वीसेक वर्षं जातात.

आणि एक. मोकळ्यावर तीनशे यार्डांवरचं दिसायला लागतं, तसा हात शिवशिवतो. पूर्वी गोळी चुकली तर झाडात रुतायची, आता ती शेजारच्या क्लबच्या हद्दीत जाईल. जॉर्जियात बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वर ५०० चौरस इंच भगवं केशरी घालावंच लागतं, पण ते समोरच्याने बघितलं तर. वरून गोळी जमिनीत जाईल असंच बसा. रस्त्यावरून तोड उघडी दिसते, गाडी थांबवून खिडकीतून गोळी झाडणारे महाभागही असतात, म्हणून फाटकाजवळचा कोपरा सोडा. शिवाय पट्ट्याच्या कडेला उरलेल्या झाडांना आता वारा थेट लागतो, आधी शेजाऱ्यांचा आधार होता. शिडी ज्याला बांधायची ते झाड हलवून, वर मान करून, लटकलेली फांदी नाही ना हे बघून बांधायची.

निवृत्त_रेंज

मी वनखात्यात ३४ वर्षं होतो, बहुतेक शहापूर आणि मुरबाडकडे. आता कळव्याला मुलाकडे. शिकारीबद्दल मी बोलणार नाही, माझ्या नोकरीतला बराच काळ फासे सोडवण्यात गेला. पण काटेवाले म्हणतात ते उजेडाचं गणित आमच्याकडेही तेच होतं, फक्त शेवट वेगळा.

आमच्याकडे त्याला कूप म्हणायचे. एका सालचा कूप आखायचा, ठेवायची झाडं सोडून बाकीच्यांवर हातोड्याचा शिक्का मारायचा आणि थंडीत तोड. पावसाळ्यात साग, ऐन, धावड्याच्या बुंध्यांतून फुटवे यायचे, ऑगस्टात ढोपरभर. त्या पहिल्या दोन पावसाळ्यांत भेकर जितकं कूपाच्या कडेला दिसायचं तितकं आतल्या जुन्या जंगलात नाही दिसायचं. सागाच्या खरबरीत पानाला ते सहसा तोंड लावत नाही, पण बाकी कोवळ्या पाल्याला आणि कडेच्या उंबराखाली पडलेल्या फळाला यायचं. मात्र दिवसा उघड्यावर कधी नाही. दोन उड्या मारल्या की झाडी, इतक्याच अंतरावर.

पुढे काय व्हायचं ते ऐका. कूप काही वर्षं चराईला बंद, असा कागद असायचा. गुरांना कागद वाचता येत नाही. फुटवे गुरं खायची, वर भातशेतीच्या राबासाठी टहाळ तोडली जायची, उन्हाळ्यात वणवा, आणि जो उजेड आम्ही पाडला तो घाणेरी आणि रानमोडी खाऊन टाकायची. पाचव्या वर्षी त्याच कूपात माणूस शिरू शकत नव्हता, पण भेकरालाही खायला काही नव्हतं. काटेवाल्यांच्या ब्लॅकबेरीसारखीच दाटी, पण पोटात जाणारी नाही. म्हणून मी नव्या पोरांना सांगायचो, कूपात उभे राहून हिरवं किती आहे ते मोजू नका, त्यातलं कुरतडलेलं किती ते मोजा.

तुमच्या लीजवरून एक आठवलं. माझे सासरे सांगायचे, त्यांच्या तरुणपणी खातं शूटिंग ब्लॉक भाड्याने द्यायचं. परवाना, ठरावीक दिवस, ठरावीक जनावर. तेव्हाही पारधी माणूस ब्लॉक मागायच्या आधी गावातल्या ठाकराला विचारायचा, यंदा कूप कुठे पडलाय? साहेब लोक मात्र नकाशा विचारायचे.

येऊरच्या_पायथ्याशी

रेंजसाहेब, शेवटचं वाक्य आवडलं. (मी ताईच आहे.) शिकार अजूनही पटत नाही. पण घाणेरीचं अगदी खरं, आमच्या मागच्या वाटेवर दोन्ही बाजूंना तीच आहे. हिरवंगार जंगल म्हणून मी रोज फोटो टाकते. उद्या कुरतडलेलं काही दिसतं का ते बघते.

नेरुळचा_काटेवाला

रेंजसाहेब, 'कुरतडलेलं मोजा' हे मला तिकडे कोणी सोळा वर्षांत इतकं सोपं करून सांगितलं नाही. आमच्याकडे त्यावर जाडजूड अहवाल यायचे, मी ते काट्याच्या खोलीतल्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातले होते.

कोलशेतकर, तुझ्या दादाला ओढ्यापर्यंत जायला लाव आता. गमबूट घाल म्हणावं.

कोलशेतकर

मंडळी, अपडेट. काल रात्री अकराला दादाचा फोन आला, तिकडे दुपार होती. तो शेवटी गेला. सोबत क्लबचे एक वयस्क गृहस्थ होते, त्यांनी ही जमीन याआधी एकदा साफ झालेली बघितली आहे आणि बाकीच्यांच्या रडगाण्याला ते केव्हाचे हसत होते म्हणे.

ओक उभा आहे. पट्ट्यातले दोन-तीन मोठे पाइन गेले, पण ओकाला धक्का नाही. माझी शिडी ज्या पाइनला होती तोही आहे, फक्त स्किडर वळताना घासून गेला असावा, खालच्या तीन पायऱ्या आत दबल्या आहेत आणि एक पट्टा तुटलाय. दादाने या वेळी डहाळ्यांचे फोटो काढले, अकरा काढले, त्यातले सात त्याच्या अंगठ्याचे. उरलेल्यांत एका बुंध्याला फुटलेला स्वीटगमचा फुटवा आहे, टोक चिंध्या चिंध्या. काका, तुमच्या सशाच्या तिरप्या कापासारखं एकही नाही.

कंपनीच्या माणसाला ईमेल केला. फवारणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. दोन डेक वगळून द्यायला तयार झाला, तो नकाशावर खुणा करून मागतोय. ठेकेदाराचं मशीन मात्र गेलं, तेव्हा फावडी आणि चार रविवार दादाच्या नशिबी. भाड्यात सूट मागितली त्यावर उत्तर आलं नाही.

दोघांचेही हिस्से भरले. दादाला म्हटलं शिडी तेवढी सरळ करून ठेव. तो 'हो हो' म्हणालाय. पण माझा दादा आहे तो, मी ओळखतो. यंदाच्या बॅगेत मोठा पान्हा आणि नवे पट्टे इथूनच टाकतोय.